तीन गिअर मागे, एक पुढे

मी आयुष्यात एकच मोटार बनवली, आणि ती मागे चालत असे. अगदी खरं सांगायचं तर एका गिअरमध्ये ती पुढेही जायची, पण तो गिअर मागे जाण्यासाठी दिलेला होता! हे वाक्य तुम्हाला नीट कळलं नसेल तर मनाला लावून घेऊ नका. मी विज्ञानाचा शिक्षक असूनही मला ते कळायला रेणापूरपासून लातूरपर्यंत जावं लागलं.

ते दिवस दुष्काळाचे होते आणि लातूर नवंनवं जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिल्हा झाला म्हणून कार्यालयं आली, कार्यालयांना नव्या गाड्या आल्या आणि जुन्या गाड्यांचे लिलाव निघाले. अशाच एका लिलावात मी एक जीप घेतली. बोली बोलणारा मी एकटाच होतो. (दुसरा एक जण होता, पण त्यानं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि तो निघून गेला. मीही आत पाहिलं आणि थांबलो. माणसामाणसांत फरक असतो तो एवढाच.)

मला लहानपणापासून एक खोड आहे. चालू वस्तू दिसली की ती का चालते ते बघावंसं वाटतं, आणि मी बघितलं की ती चालायची थांबते. घरातला रेडिओ मी दोनदा उघडला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा तीन स्क्रू उरले आणि एकच केंद्र उरलं. विमलचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, शिलाई मशीन मी एकदाच उघडलं. तेव्हापासून ते टीप कमी घालतं आणि दोरा जास्त खातं. मशीनला कुलूप लावणारी बाई अख्ख्या रेणापुरात तीच एक असेल.

तर ही जीप. तिचं पेट्रोलचं इंजिन म्हातारं झालं होतं आणि रेडिएटर गळका होता. सकाळी शाळेला जायचं तर तिला एक घागर पाणी लागायचं. आमच्या गल्लीत टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. विमलनं आठ दिवस पाहिलं आणि नवव्या दिवशी घागर माझ्यापुढे आपटली.

"हे बघा, घागर एक हाय. एकतर जीप अंघोळ करील, न्हाईतर तुम्ही."

मी जीपला प्राधान्य दिलं. आठवड्याभरात वर्गातली पहिल्या बाकावरची मुलं आपण होऊन मागच्या बाकांवर बसायला लागली, तेव्हा मी नाइलाजानं विचार सुरू केला.

पाणी न पिणारं इंजिन कुठे मिळेल? उत्तर सासुरवाडीत होतं! सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. दणकट, एका सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं. विहीर कोरडी पडल्यामुळे ते पोतं पांघरून बसलेलं होतं. मी मामांपुढे विषय काढला. मामा म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. पण विचारतील ते नेमकं नको तेच विचारतील.

"जावईबापू, पंपाचं इंजिन जीपला चालतंय?"

"इंजिन म्हणजे इंजिन, मामा. ते फिरतं. पंपाला फिरवतं तसं चाकाला फिरवेल."

मामांनी पोतं बाजूला केलं. इंजिनावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. "न्या," म्हणाले. "हिरीत काय पाणी न्हाई. कुठंतरी फिरत राहील बिचारं." ते असं म्हणाले तेव्हा मला जरा वाईट वाटलं. पण लगेच माझं लक्ष इंजिनाच्या बोल्टांकडे गेलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. अंगणातल्या लिंबाला साखळी टांगली. शेजारचे किराणा दुकानदार बसवंतअप्पा, त्यांचे दोन हमाल आणि मी असं चौघांनी जुनं इंजिन उपसून काढलं. गिअरबॉक्सला नवं इंजिन जोडायला लातूरच्या एका लेथवाल्याकडून लोखंडी पाटा कापून आणला. इंजिन बसवलं. ते इतकं उंच निघालं की बॉनेट बसेना. मी बॉनेट काढून टाकलं. (त्यावर विमल पुढे दोन वर्षं पापड वाळवत होती. उत्तम वाळायचे.)

खरी अडचण नंतर आली. इंजिनाचं धुराडं नेमकं स्टिअरिंगच्या दांड्याला आडवं येत होतं. गाडी डावीकडे वळली असती, पण उजवीकडे वळायची तर आधी धुराडं तोडावं लागलं असतं. मी दोन दिवस लिंबाखाली बसून विचार केला. तिसऱ्या दिवशी गिरणीत दळण टाकायला गेलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला! गिरणीच्या इंजिनाला दोन्ही अंगांना चाक होतं. पट्टा या अंगाला लावा नाहीतर त्या अंगाला. मामांचं इंजिनही तसंच. मग मी ते अर्धा फेरा वळवून का बसवू नये? म्हणजे धुराडं पलीकडे जाईल आणि स्टिअरिंग मोकळं होईल!

दळण तिथेच ठेवून मी घरी पळत आलो. इंजिन फिरवून बसवलं. सगळं कसं चपखल बसलं! माझ्या हातून एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात बसली की मी सावध व्हायला हवं. पण त्या दिवशी मी लिंबाभोवती दोन गिरक्या घेतल्या.

पुढच्या रविवारी मामा इंजिन बघायला आले. जीपची मागची चाकं काढून ती विटांवर चढवलेली होती. मी हँडल लावून इंजिन सुरू केलं. धबड धबड धबड असा ओळखीचा आवाज अंगणात घुमला. मामा हँडलकडे बघत राहिले.

"जावईबापू, ह्या इंजिनाचं हँडल पयले उजवीकडं फिरायचं ना? आता डावीकडं फिरून राहिलं."

इथं मी विज्ञानाचा शिक्षक आहे ही गोष्ट आडवी आली. साधा मिस्त्री असता तर थांबला असता. मी म्हणालो, "मामा, फिरणं हे आपण कुठून बघतो त्यावर असतं. पृथ्वीच घ्या. उत्तर ध्रुवावरून पाहिली तर एका बाजूनं फिरते, दक्षिण ध्रुवावरून पाहिली तर दुसऱ्या बाजूनं. फिरणं तेच!"

"हाव?" मामा म्हणाले.

"अगदी!" मी म्हणालो आणि गिअर टाकला. आस फिरायला लागला! बसवंतअप्पांनी टाळ्या वाजवल्या, हमालांनी वाजवल्या, भिंतीवर बसलेल्या गल्लीनंही वाजवल्या. अप्पांनी दुकानातून गूळ आणून वाटला. आस कुठल्या बाजूला फिरतोय हे बघायचं मात्र त्या गर्दीत कुणालाच सुचलं नाही. मामांना सुचलं असावं, पण त्यांच्या तोंडात गूळ होता.

आता विमलबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात पणाला लागली होती तीच. विमल डी.एड. झालेली होती. मामांच्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढं गेलेली ती पहिली मुलगी. पाच वर्षं जागा निघायची वाट बघत घरात बसून होती. नवा जिल्हा झाला, नवी जिल्हा परिषद आली, आणि एके दिवशी पोस्टमननं लांबट पाकीट आणून दिलं. लातूरला शिक्षकांच्या मुलाखती, सकाळी साडेदहाला हजर. उशीर झाल्यास विचार केला जाणार नाही. ते शेवटचं वाक्य विमलनं मला तीनदा वाचून दाखवलं.

"मी आठच्या एसटीनं जाते," ती म्हणाली.

"एसटीनं? घरात जीप असताना? नव्या जिल्ह्यात काय एसटीतून घाम पुसत उतरणार?"

"घाम पुसत उतरीन, पण उतरीन तरी."

तिचं ऐकायला हवं होतं, हे मला आता कळतं. तिला ते तेव्हाच कळत होतं. पण आदल्या संध्याकाळी मामा नवा सदरा घालून, हातात टोपी घेऊन हजर झाले. "उद्या मी बी येतो," म्हणाले. "माझं इंजिन अन् माझी लेक, दोघं एकाच गाडीत. लई दिवसांनी चांगलं काही बघंन." त्यांच्या तोंडावर बघून विमलला नाही म्हणवेना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून गाडीच्या टायरांत हवा आहे का ते बघायला गेलो.

सकाळी साडेसात. जीप हमालांनी ढकलून अंगणाबाहेर आणलेली, रस्त्याकडे तोंड करून उभी. त्या दिवशी आमच्या गल्लीची टँकरची पाळी होती, म्हणून जीपच्या मागे घागरी, हंडे, पत्र्याचे डबे अशी ओळ लागलेली. माणसं घरात, भांडी रांगेत. ज्याचं भांडं जिथं त्याचा नंबर तिथं, असा गल्लीचा कायदा होता. विमल पांढऱ्या सुती साडीत, कागदांची पिशवी छातीशी धरून बसली. मामा तिच्या शेजारी. बसवंतअप्पांनी जीपपुढे नारळ फोडला आणि पुढच्या चाकापुढे लिंबू ठेवलं.

"चिरडू द्या, गुरुजी! सगळी पीडा जाईल."

मी हँडल मारलं. धबड धबड धबड! क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, गल्लीकडे एकदा हात हलवला आणि क्लच सोडला.

लिंबू जागच्या जागी राहिलं.

मागून जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. बारा घागरी, सात हंडे आणि अप्पांच्या तेलाचे चार रिकामे डबे! मला वाटलं, गिअर चुकला. मी घाईनं दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागे गेली आणि ओळीतला उरलासुरला भागही संपला. मग मी चावी काढली. इंजिनाला चावी लागतच नव्हती, त्यामुळे ते धबडधबडत राहिलं.

गल्ली बाहेर धावली. कुणाला लागलं नव्हतं, घागरींना थोडे पोचे आले होते. पण नंबर मोडला होता! दुष्काळात माणूस मोडला तर समजून घेतात, टँकरचा नंबर मोडला तर नाही.

"माझी घागर तिसरी होती!"

"तुझी कुठली तिसरी? तुझी सातवी! गुरुजीच्या गाडीनं पुढं आली ती!"

"गुरुजी, सांगा, ही घागर कोणत्या नंबरावर होती?"

मी सगळ्यांची मनधरणी करीत असताना कोपऱ्यावरून आठची एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. विमलनं ती जाताना पाहिली. तिनं पिशवी आणखी घट्ट धरली, आणि मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. पुढची एसटी दहाला होती. म्हणजे हिची पाच वर्षं, मामांचा नवा सदरा, सगळं माझ्या एका धुराड्यापायी गेलं असतं.

"पुढं जाणारा एक बी गिअर न्हाई का हिला?" मामांनी विचारलं.

मी एकेक गिअर टाकून पाहिला. पहिला मागे. दुसरा मागे. तिसरा फार जोरात मागे. शेवटी हताश होऊन मी मागे जायचा गिअर टाकला, आणि जीप पुढे निघाली! लिंबू चिरडलं. अप्पांनी टाळी वाजवली. (एकट्यानंच. गल्ली अजून भांडत होती.)

आम्ही लातूरच्या रस्त्याला लागलो. पण मागे जायचा गिअर हा असतो हळू. आमच्या पुढे एक बैलगाडी चालली होती, ती पुढेच राहिली. एक सायकलवाला आमच्या बरोबरीनं आला, इंजिनाकडे निरखून बघितलं, विडी पेटवली, आणि पुढे गेला. आणि इंजिनाचा तो आवाज! रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं आवाज ऐकून ताडकन उभी राहिली. पंप चालू झाला, म्हणजे कुणाच्या तरी विहिरीला पाणी लागलं! चार जण बांधावरून पळत आले. जीप दिसल्यावर त्यांचे चेहरे उतरले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "न्हाई बाबांनो, पाणी न्हाई. माझी लेक हाय. नोकरीला चालली." त्यावर त्यातली एक म्हातारी हसली आणि तिनं लांबूनच विमलवरून बोटं मोडली.

विमल मनगटावरच्या घड्याळाकडे आणि मैलाच्या दगडांकडे आळीपाळीनं बघत होती.

"एका किलोमीटरला सात मिनिटं लागून राहिलेत," ती म्हणाली. "एकोणीस किलोमीटर उरलेत. म्हणजे दोन तास तेरा मिनिटं. आत्ता आठ चाळीस. आपण पोचू तेव्हा अकराला सात कमी असतील. मुलाखत साडेदहाला."

"जरा जोरात..."

"ह्याच्यात जोर न्हाई. दुसऱ्या गिअरात किती पळती?"

"मागे?"

"मागं!"

"असेल की... दुप्पट. अडीचपट."

"मग गाडी वळवा."

"घरी?"

"लातूरला!" विमल कडाडली. "शेपूट लातूरकडं करा. गाडीचं तोंड कुठं बी असू द्या. मुलाखत माझी हाय, गाडीची न्हाई."

मी जीप वळवली. आता जीपचं तोंड रेणापूरकडे, शेपूट लातूरकडे. विमल मागच्या फळीवर जाऊन लातूरकडे तोंड करून बसली. मामा माझ्या शेजारी रेणापूरकडे तोंड करून बसले. माझं धड रेणापूरकडे आणि मान लातूरकडे. दुसरा गिअर टाकला, आणि जीप वाऱ्यासारखी निघाली! (ताशी वीस किलोमीटर. पण तासभर मागे पडलेल्या माणसाला तो वाराच.) तिसराही टाकून पाहिला, पण जीपचं शेपूट रस्ताभर डुलायला लागलं तेव्हा मुकाट्यानं दुसऱ्यावर आलो.

विमल रस्ता सांगत होती. "डावीकडं घ्या!"

मी डावीकडे घेतली आणि जीप थेट बाभळीत शिरली.

"डावीकडं म्हणाले ना!"

"डावीकडेच घेतली!"

"माझ्या डावीकडं!"

"तुझी डावी म्हणजे माझी उजवी!"

"गाडी चालवायली तुम्ही का मी?" हा प्रश्न त्या घडीला तितकासा सोपा नव्हता. मामा बाभळीचा काटा सदऱ्यातून काढत शांतपणे म्हणाले, "उगवत-मावळत म्हणा की. ती कुठं बी बसलं तरी बदलत न्हाई."

लातूर रेणापूरच्या दक्षिणेला. एका अंगाला उगवत, दुसऱ्या अंगाला मावळत. मी भूगोलही शिकवतो, पण हे मला सुचलं नव्हतं.

"उगवतीकडं जरा! बास! मावळतीकडं! खड्डा हाय, मावळतीकडं!"

असे आम्ही सुसाट निघालो. थोड्या वेळानं समोरून, म्हणजे लातूरकडून, एक टँकर आला. त्याला आमच्या जीपचं शेपूट दिसत होतं. म्हणजे जीप त्याच्याच दिशेनं, त्याच्या पुढे आणि भलत्या बाजूनं चालली आहे असा त्याचा समज झाला. त्यानं बाजूला हो म्हणून हॉर्न वाजवला. तो वाजवतोय आणि शेपूट त्याच्याकडे धावत येतंय! शेवटी त्यानं टँकर कच्च्यावर घातला आणि आम्ही त्याच्या शेजारून सणाणत गेलो. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"ओ! तुम्ही जाऊन राहिले का येऊन राहिले?"

"जयभीम!" मामा हात उंचावून म्हणाले. त्यांना उत्तर म्हणून दुसरं काही सुचलं नाही.

तो आमच्याच गल्लीचा टँकर होता. गल्लीत पोचल्यावर नंबराचं काय झालं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

लातूरच्या नाक्यावर हवालदारानं हात केला. जीप थांबली. तो जीपच्या तोंडापासून शेपटीपर्यंत चालत गेला आणि परत आला.

"कुठं चालले?"

"लातूरला," मी मान मुरडलेल्या अवस्थेत म्हणालो.

"लातूर मागं हाय तुमच्या."

"हो, तिकडेच चाललोय."

"तोंड तर रेणापूरला हाय."

"तोंड रेणापूरला आहे, पण जाणं लातूरला आहे."

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात विमल मागून म्हणाली, "दादा, साडेदहाला माझी मुलाखत हाय. हे माझे मालक हायेत. इंजिन त्यांनी बसवलंय." एवढ्यात सगळं आलं. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे फार आपुलकीनं पाहिलं.

"जा, ताई," तो म्हणाला. "गावातून बाहेर जाणारी गाडी मी अडवत न्हाई. तोंड बाहेरच हाय तुमचं. मी एवढंच बघितलं."

आणि अशा रीतीनं लातूरमधून बाहेर पडत पडत आम्ही लातुरात शिरलो.

दहा वाजून दहा मिनिटांनी जीप जिल्हा परिषदेच्या फाटकातून उलटी आत गेली आणि भिंतीला पाठ लावून, सगळ्या गाड्यांच्या ओळीत, झोकात उभी राहिली. शिपायाला वाटलं, कुणी मोठे साहेब आले. तो सलाम ठोकून म्हणाला, "वा! निघताना बरं पडतंय असं लावलं की." विमल उतरली. साडीवर एक डाग नव्हता! गाडी उलटी चालल्यामुळे सगळा धूर रेणापूरकडे गेला होता. हे मी तिला मोठ्या अभिमानानं दाखवून देणार होतो, पण ती पायऱ्या चढून केव्हाच आत गेली होती.

आता माझी खोड. असं का झालं? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी अंगातला सदरा काढला, जीपखाली आडवा झालो आणि इंजिनाकडे खालून बघायला लागलो. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. मग उलटं काय? मामा शेजारी उकिडवे बसले होते. शिपायाची सायकल भिंतीला टेकलेली होती. त्यांनी तिचं मागचं चाक उचलून फिरवलं.

"इकडनं बघा. कसं फिरतंय?"

"उजवीकडे."

"आता पलीकडं जा अन् तिकडनं बघा."

मी जीपखालून निघालो, सायकलच्या पलीकडे गेलो. डावीकडे! चाक तेच, फिरणं तेच, पण पलीकडून डावीकडे! मी इंजिन वळवलं, म्हणजे गिअरबॉक्स आता पलीकडून बघत होता!

"मामा, हे तुम्हाला माहीत होतं? मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"बोललो की," मामा म्हणाले. "हँडल डावीकडं फिरून राहिलं म्हणालो. तर तुम्ही मला पृथ्वी सांगितली."

मी परत जीपखाली गेलो. तिथं सावली होती आणि कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नव्हती.

विमल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता. "कशी झाली?" मी खालूनच विचारलं. "बरी झाली," एवढंच म्हणाली आणि मामांना घेऊन एसटी स्टँडकडे गेली. मी जीप घेऊन एकटाच परत निघालो, पुढे जाणाऱ्या एकुलत्या एका गिअरमध्ये. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा दोघांची जेवणं झाली होती.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. मामांनी तो कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव कुठं लिहिलंय ते त्यांनी विचारून घेतलं आणि त्यावर बोट ठेवून बसून राहिले. माझे डोळे भरून आले, आणि निदान ती वेळेवर तरी पोचली, यात आपलाही काही वाटा आहे असं मला वाटलं.

वाटा होता, हे खरं निघालं. पुढच्या वर्षी आमच्या शाळेची तपासणी होती. तपासायला आलेले साहेब माझ्या वर्गात शिरले, मला पाहून थबकले आणि एकदम हसायला लागले.

"तुम्हीच ना ते जीपखालचे?"

विमलची मुलाखत घेणाऱ्यांत ते होते. त्यांनी विमलला विचारलं होतं, की एखादा विद्यार्थी काही केल्या ऐकतच नाही, त्याला पुढे कसं न्याल? विमलनं उठून खिडकीबाहेर बोट दाखवलं. म्हणाली, "साहेब, ते जीपखाली पाय दिसतात ना, ते माझे मालक. त्यांना मी आज रेणापूरहून इथवर आणलंय. तुमची पोरं त्यापेक्षा अवघड नसतील." मंडळी खिडकीशी गेली, पाहिलं, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

तीस वर्षं मी मुलांपुढे उदाहरणं मांडली. जिल्हा परिषदेला त्यातलं एकच पसंत पडलं, आणि त्या वेळी मी आडवा होतो.